वाचकांचे प्रश्न : व्हिएतनामच्या डोंगरात, माजी सैनिकाच्या गाडीवर डबलसीट

दा लात हे दक्षिण व्हिएतनाममधलं थंड हवेचं गाव, उंची सुमारे १,५०० मीटर. १९९० च्या दशकात इथल्या काही माजी सैनिकांनी परदेशी पाहुण्यांना आपल्या मोटरसायकलवर मागे बसवून डोंगरातली खेडी दाखवायला सुरुवात केली. ‘ईझी रायडर’ या नावाने ही सफर आता ओळखली जाते. तिच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

आम्ही नवरा-बायको बुलेटवर लेह आणि स्पिती करून आलो आहोत. व्हिएतनाममध्ये गाडी भाड्याने घेऊन गाईडच्या मागोमाग स्वतः चालवावी म्हणतो. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला की झालं ना? — वाचक, नाशिक

नाही झालं. आपला आरटीओ देतो तो परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो. व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा. भाड्याने गाडी देणारा तुमचा परवाना न बघताच चावी हातात देईल, रस्त्यावर कितीतरी परदेशी तशीच गाडी चालवताना दिसतील. त्यावरून परवाना चालतो असं समजू नका. १ जानेवारी २०२५ पासून तिथे नवा वाहतूक कायदा लागू झाला. १२५ सीसीपर्यंत परवान्याचा एक वर्ग, त्यापुढच्या गाड्यांना वेगळा, आणि दंड पूर्वीपेक्षा बरेच वाढले. ५० सीसीपर्यंतच्या गाडीला परवाना लागत नाही, पण दोन माणसं आणि सामान घेऊन ती घाट चढणार नाही.

दंड भरून सुटता येतं, विम्याचं तसं नाही. अपघात झाला की विमा कंपनी आधी विचारते, चालवणाऱ्याकडे त्या देशात चालणारा परवाना होता का? नसेल तर दावा तिथेच अडतो. मग हॉस्पिटलचं बिल, समोरच्याची भरपाई आणि रुग्णाला भारतात आणायचा खर्च, सगळं खिशातून.

आमचा स्पष्ट सल्ला : डबलसीट बसा. तुम्ही दोघं असाल तर दोन गाड्या, दोन गाईड. तिथली वाहतूक उजवीकडून चालते. लेहचा अनुभव हाताशी असला तरी चूक होते ती गर्दीत नव्हे, तर चहा पिऊन रिकाम्या रस्त्यावर गाडी काढताना. तेव्हा हात आपोआप डावीकडे वळतो. निघण्यापूर्वी विमा कंपनीला ईमेल करून ‘मोटरसायकलवर मागे बसून प्रवास’ पॉलिसीत बसतो का आणि सीसीची काही मर्यादा आहे का, हे लेखी विचारून घ्या. फोनवरचं ‘हो सर’ दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. गाईडच्या परवान्याचा फोटोही आधीच मागून ठेवा.

‘वॉर व्हेटरन गाईड’ अशा जाहिराती दिसतात. इतक्या वर्षांनी खरंच कोणी उरलं आहे का? खरा-खोटा ओळखायचा कसा? — वाचक, कोल्हापूर

साधा हिशेब करा. कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनाम आणि अमेरिकेच्या पाठिंब्यावरचं दक्षिण व्हिएतनाम यांच्यातलं ते युद्ध ३० एप्रिल १९७५ ला संपलं. तेव्हा अठरा वर्षांचा असलेला शिपाई आज सत्तरीला टेकला आहे. त्या वयात दिवसभर घाटात डबलसीट गाडी चालवणारे फार थोडे. पंचावन्न वर्षांचा माणूस अमेरिकनांबरोबरच्या लढाईत मी होतो म्हणाला, तर ते शक्य नाही.

पण एवढ्यावरून त्याला खोटा ठरवू नका. व्हिएतनामी सैन्य १९७८ च्या डिसेंबरात कंबोडियात शिरलं आणि १९८९ पर्यंत तिथे राहिलं. १९७९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेला चीनशी लढाई झाली. सक्तीच्या भरतीत गेलेली ती मुलं आज साठीच्या आसपास आहेत. आज गाडीवर भेटणारा माजी सैनिक बहुधा या पिढीतला असतो, आणि त्याला त्याच्या युद्धाबद्दल फारसं कोणी विचारत नाही. बाकीचे गाईड जुन्या सैनिकांचे मुलगे आणि पुतणे. त्यांनी घरात ऐकलेलं सांगितलं तर तेही मोलाचं आहे, फक्त ते त्यांनी तसं सांगायला हवं.

पहिल्या पिढीची पार्श्वभूमी ठाऊक असली तर पुढचं बरंच उलगडतं. यातले अनेकजण दक्षिण व्हिएतनामच्या, म्हणजे हरलेल्या बाजूच्या सैन्यातले किंवा अमेरिकनांकडे दुभाषे म्हणून काम केलेले. इंग्रजी यायचं ते त्यामुळे. १९७५ नंतर त्या बाजूच्या लोकांना ‘पुनर्शिक्षणा’च्या छावण्यांत पाठवलं गेलं, कोणी काही महिन्यांत सुटलं, कोणी दहा वर्षांहून जास्त आत राहिलं. सुटल्यावर घराण्याची नोंद आडवी आली. सरकारी नोकरी नाही, मुलांच्या शिक्षणात अडथळे. मग शेतमजुरी आणि भाड्याने माणसं नेणारी मोटरसायकल. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर देश हळूहळू खुला झाला, पर्यटक आले, आणि जे इंग्रजी इतकी वर्षं लपवावं लागलं त्यावर पोट भरता येऊ लागलं.

‘ईझी रायडर’ हे नाव कोणा एकाच्या मालकीचं राहिलेलं नाही. कितीतरी गट तेच नाव जाकिटावर छापतात, त्यामुळे जाकिटावरून काही ठरवू नका. आधी निरोपांतून विचारा : कोणत्या साली, कोणत्या भागात, कोणत्या कामावर होतात? खरा माणूस साल आणि ठिकाण सांगतो आणि थांबतो. पहिल्याच निरोपात थरारक प्रसंग येऊ लागले तर सावध व्हा. पर्यटक गाईडचं ओळखपत्र आहे का तेही विचारा. २०१७ च्या पर्यटन कायद्याप्रमाणे ते लागतं, आणि एकटे काम करणाऱ्या अनेकांकडे ते नसतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती माणूस बदलण्यात. ठरवताना वयस्कर गृहस्थ बोलतात, सकाळी हॉटेलच्या दारात तेवीस वर्षांचा मुलगा उभा असतो. म्हणून गाडी कोण चालवणार, त्याचं नाव, वय आणि गाडी कोणती, हे निरोपात लिहून घ्या. पूर्ण सफर ठरवण्याआधी त्याच माणसाबरोबर अर्धा दिवस फिरा. दा लातहून ता नुंगच्या रस्त्याने नाम बान, तिथला हत्ती धबधबा आणि परत, एवढं पुरतं. चालवणं कसं आहे, इंग्रजी समजतं का, तुमचा स्वभाव जुळतो का, तिन्ही कळतं.

मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. तिथल्या माजी सैनिकाशी लढाईबद्दल बोलायची मनापासून इच्छा आहे. काय विचारावं, काय टाळावं? — वाचक, सातारा

आपण सैनिक होतो हे सुरुवातीलाच सांगा. त्याने बराच संकोच गळून पडतो. आणि एक सैनिक दुसऱ्याला जे विचारतो तेच विचारा : जेवण काय मिळायचं, पावसात पाय कसे टिकवायचे, घरची पत्रं पोचायची का, सोबतचे आज कुठे आहेत. ‘किती मारले’ हा प्रश्न तुम्ही विचारणार नाही याची आम्हाला खात्री आहे, पण बरोबरच्या तरुणांना आधी समज द्या.

‘तुम्ही कोणत्या बाजूला होता’ हे हॉटेलात, चहाच्या टपरीवर, चार माणसांत विचारू नका. रस्त्यात दोघंच थांबलेले असताना तो स्वतः विषय काढेल. तिथे एकाच पक्षाची सत्ता आहे, संग्रहालयांतून सरकारी बाजूच मांडलेली असते. त्या भिंतीपुढे उभं राहून ‘हे खरं आहे का’ असं त्याला विचारणं म्हणजे त्याला पेचात टाकणं. गावोगावी हुतात्म्यांची दफनभूमी दिसेल, पांढऱ्या थडग्यांच्या सरळ रांगा. त्या जिंकलेल्या बाजूच्या. दक्षिणेच्या शिपायांना तिथे जागा नाही. तुमचा गाईड फाटकाबाहेर गाडीपाशीच थांबला तर त्याला आत बोलावू नका.

बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा, आणि चेहरा व नावासकट इंटरनेटवर टाकू नका. तुम्ही परत याल, त्याचं घर तिथेच आहे. हकिकतीचे वेगळे पैसेही देऊ नका; बक्षिसी शेवटी, सगळ्या प्रवासाची म्हणून द्या.

एक दुवा तुमच्या उपयोगी पडेल. फ्रेंचांबरोबरचं युद्ध थांबवणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर तिथे देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगात भारत, कॅनडा आणि पोलंड होते. अध्यक्षपद भारताकडे होतं आणि आपले लष्करी अधिकारी तिथे काम करत होते. जुन्या माणसांशी बोलायला हा विषय चांगला आहे.

मुलांच्या नाताळच्या सुट्टीत जावं का? — वाचक, ठाणे

डोंगराळ भागासाठी डिसेंबर ते मार्च उत्तम. अडचण किनाऱ्याची आहे. दा लातकडे पाऊस मे ते ऑक्टोबर, नैऋत्येकडून. न्हा त्रांगच्या किनाऱ्यावर तो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून. त्यामुळे दा लातला लख्ख ऊन आणि तिथून न्हा त्रांगला उतरणाऱ्या खान्ह ले घाटाच्या पूर्व उतारावर धुकं, पाऊस, दरडी असं होऊ शकतं. महाबळेश्वर पावसात बुडालेलं असताना पलीकडे वाई कोरडी असते, तसाच डोंगराचा खेळ. नोव्हेंबरात हा घाट दरडींमुळे बंद पडण्याचे प्रकार होतात, डिसेंबरच्या उत्तरार्धात परिस्थिती सुधारू लागते. निघायच्या आदल्या संध्याकाळी गाईडला घाट चालू आहे का हे विचारा, आणि नाही म्हणाला तर वाद घालू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगराळ भागातल्या बुओन मा थुओत गावाच्या बाजूला कॉफी फुलते, मळे पांढरे दिसतात, वास मोगऱ्याच्या जवळपासचा. मात्र तेतचे, म्हणजे त्यांच्या नववर्षाचे दिवस टाळा. २०२७ मध्ये तेत ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आगेमागे आठवडाभर गाईड घरी असतात, खाणावळी बंद, बसची तिकिटं मिळत नाहीत.

व्हिसा भारतीयांना लागतो. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एकदा प्रवेशाचा २५ डॉलर.

तीन-चार दिवसांत काय बसवता येईल? — वाचक, छत्रपती संभाजीनगर

दा लात ते न्हा त्रांग खान्ह ले घाटाने एका दिवसात होतं, साधारण १४० किलोमीटर. घाटच तेहतीस किलोमीटरचा आहे आणि दीड हजार मीटरहून जास्त उंचीवरून जवळजवळ समुद्रसपाटीला आणतो. पण फक्त एवढं केलंत तर गावं हाती लागत नाहीत.

तीन दिवस असतील तर आम्ही असं सुचवू. पहिल्या दिवशी दा लात, नाम बान, तिथून राष्ट्रीय मार्ग २७ ने लाक तळ्यापर्यंत, साधारण १६० किलोमीटर. वाटेत रेशमाचा कारखाना बघा : कोष गरम पाण्यात सोडून त्यांतून तंतू ओढतात ते सगळं यंत्रापाशी उभं राहून दिसतं. मुक्काम तळ्याकाठी म्नोंग या डोंगरी जमातीच्या गावात, खांबांवरच्या लांब घरात. गादी पातळ असते, पहाटे कोंबडे आणि डुकरं उठवतात. दुसऱ्या दिवशी फक्त ५५ किलोमीटर, बुओन मा थुओतपर्यंत. उरलेल्या वेळात द्राय नूर धबधबा. उत्तरेच्या सैन्याच्या १९७५ मधल्या अखेरच्या मोहिमेची सुरुवात याच गावावरच्या हल्ल्याने झाली, १० मार्चला. गाईडकडे सांगण्यासारखं असेल तर ते इथे निघतं, म्हणून हा दिवस मुद्दाम मोकळा ठेवा. तिसऱ्या दिवशी मार्ग २६ ने न्हा त्रांग, जवळजवळ १९० किलोमीटर. ट्रक खूप, घाट एकच आणि छोटा. हा टप्पा कंटाळवाणा आहे. सामान बरोबर असेल तर सरळ बसने जा आणि वाचलेला दिवस लाकला घाला. न्हा त्रांगला पो नगरची, चाम लोकांची जुनी हिंदू मंदिरं चुकवू नका.

लाकला हत्तीवर बसवण्याचा आग्रह होईल, कॉफीच्या मळ्यात पिंजऱ्यातल्या उदमांजरांच्या विष्ठेतून काढलेल्या बियांची महागडी कॉफी पुढे करतील. दोन्हीला नकार द्या.

नकाशाबद्दल एक सूचना : १ जुलै २०२५ पासून तिथले ६३ प्रांत एकत्र करून ३४ केले आहेत. जुन्या माहितीतलं प्रांताचं नाव आणि आजच्या पाटीवरचं नाव जुळलं नाही तर गोंधळू नका, गावाचं नाव बघा.

मागे बसून पाठ-गुडघे टिकतील का? सामान किती न्यावं? वय ५८. — वाचक, रत्नागिरी

टिकतील, दिवसाला १५० किलोमीटरच्या आत राहिलात तर. तिथल्या घाटात सरासरी ताशी ३० ते ३५ पडते, म्हणजे हे साडेचार-पाच तासांचं बसणं झालं. दर पाऊण तासाला उतरून चाला. ‘अजून बसवतंय’ म्हणून थांबा टाळला की संध्याकाळी गुडघा सरळ होत नाही.

सामान एका माणसाचं दहा किलोपर्यंत, मऊ पिशवीत. चाकाची कडक बॅग मागच्या कॅरिअरवर नीट बसत नाही, वळणावर सरकते. पिशवी आधी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून मग रबरी दोराने बांधतात. आडवी आणि तुमच्या पाठीला लागून बांधायला सांगा, टेकायला होते. दोराचं सुटं टोक लोंबत नाही ना ते स्वतः बघा. ते मागच्या चाकात गेलं तर चाक जागच्या जागी अडकतं. जास्तीचं सामान बसने पुढे पाठवता येतं, गाईड सोय करतो.

मागे बसणाऱ्याला सगळ्यात जास्त होणारी इजा म्हणजे सायलेन्सरचा चटका, उजव्या पोटरीला. चढणं-उतरणं नेहमी डावीकडून, आणि पूर्ण लांब पँट. वळणावर गाडी झुकते तशी आपणही झुकू द्यावी, घाबरून उलट बाजूला कलू नये. खुणा आधी ठरवून घ्या : खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. हेल्मेट घरून न्या, पूर्ण चेहरा झाकणारं. भाड्याची हेल्मेटं पातळ कवचाची आणि सैल पट्ट्याची असतात.

गाईडच्या गाडीत काय तपासावं? — वाचक, सांगली

पाच मिनिटं लागतात, आणि तुम्ही बघताय याचा चांगल्या गाईडला राग येत नाही. मागचं टायर आधी : मधली नक्षी गुळगुळीत झाली असेल तर ओल्या घाटात ती गाडी नको. दोन माणसांसाठी मागच्या चाकाची हवा वेगळी, जास्त असते. आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, तो पाळायला सांगा. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर दोन ते तीन सेंटिमीटर हलावी. त्याहून सैल चेन चढावर गिअर बदलताना उतरते. मागचा ब्रेक ड्रमचा असेल तर पॅडल दाबल्यावर ड्रमजवळचा बाण खुणेपलीकडे जातो का बघा. गेला म्हणजे लायनर संपले.

गाडी गिअरची असावी, ऑटोमॅटिक स्कूटर नको. लांब उतारावर गिअरची गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात टाकली की इंजिनच वेग धरून ठेवतं. स्कूटरला हे बळ कमी, सगळा भार ब्रेकवर येतो. तेहतीस किलोमीटर उतरताना ब्रेक तापतात आणि लिव्हर दाबूनही गाडी थांबत नाही. चालक उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवत असेल तर लगेच थांबवा. दोघांचं मिळून वजन १५० किलोच्या पुढे असेल तर ११० सीसीऐवजी १५० सीसीची गाडी मागा.

पंक्चरची काळजी नको. ‘वा से’, म्हणजे पंक्चर काढून मिळेल, अशी पाटी प्रत्येक गावात दिसते.

शाकाहारी आहोत, कांदा-लसूणही नाही. — वाचक, घाटकोपर

‘आन चाय’ म्हणा, अर्थ कळतो. बौद्ध पद्धतीचं ‘चाय’ जेवण तुमच्या नियमाच्या बरंच जवळचं आहे, तरी दर वेळी विचारा. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अशी जेवणं सगळीकडे मिळतात. एरवी साध्या भाजीतही माशाचा रस, ‘नुओक माम’ घालतात. गाईडला आदल्या दिवशी सांगितलं तर घरगुती खाणावळीत भात, टोफू, पालेभाजी होते. खेड्यातल्या मुक्कामासाठी मेतकूट आणि दशम्या जवळ असू द्या.

हो ची मिन्ह यांच्या समाधीवर ‘शिवाजी महाराजांचा मावळा’ असं कोरलंय, असा मेसेज नेहमी येतो. गाईडला विचारू का? — वाचक, अहिल्यानगर

विचारू नका. व्हिएतनामचे स्वातंत्र्यनेते हो ची मिन्ह यांच्या हनोईतल्या समाधीच्या दर्शनी भागावर फक्त ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’ एवढीच अक्षरं आहेत. महाराजांचं युद्धतंत्र थोर आहेच, त्याला या मेसेजची गरज नाही. डोंगराचा आणि बोगद्यांचा वापर त्या लोकांनी कसा केला हे गाईडकडून ऐका आणि गनिमी काव्याशी तुम्हीच ताडून बघा, दोन तास कसे गेले कळणार नाही.

पुढे खे सान्ह, फोंग न्हापर्यंत जाता येईल का? — वाचक, पुणे

येईल, पण ही गावं दा लातच्या बरीच उत्तरेला आहेत, हातात आठ-नऊ दिवस हवेत. दोन गोष्टी सांभाळा. खे सान्ह ते फोंग न्हा हा, युद्धकाळातल्या उत्तरेच्या रसदवाटेचं नाव दिलेल्या हो ची मिन्ह मार्गाचा पश्चिम फाटा सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि पेट्रोल जवळजवळ मिळत नाही. होंडा वेव्ह या तिथल्या नेहमीच्या छोट्या गाडीची टाकी ३.७ लिटरची, डबलसीट घाटात लिटरला ४५ धरले तर १६५ किलोमीटरवर ती कोरडी. प्रत्येक गाडीमागे दोन लिटर जादा घेतल्याशिवाय निघू नका.

दुसरं, खे सान्ह ज्या प्रांतात आहे तो क्वांग त्री हा न फुटलेल्या बॉम्बच्या बाबतीत देशातला सर्वांत धोक्याचा भाग. वापरातली पायवाट सोडून झुडपात पाऊल टाकू नका, लघवीसाठीसुद्धा. गंजलेला लोखंडी तुकडा उचलू नका. ‘युद्धाची आठवण’ म्हणून विकायला असलेल्या गोळ्या विकत घेऊ नका. विमानतळावर त्या जप्त होतात आणि तुमची चौकशी होते.

खर्च किती? — वाचक, डोंबिवली

अनेक दिवसांच्या सफरीला एका गाडीमागे दिवसाला साधारण ७० ते १०० डॉलर सांगतात. आकड्यापेक्षा त्यात काय धरलंय ते विचारा : पेट्रोल, तुमची खोली, त्याची खोली, तिकिटं, जेवण, आणि सफर दुसऱ्या गावी संपली तर त्याच्या परतीचा खर्च. शेवटची बाब बहुतेक वेळा आधी बोलली जात नाही आणि निरोपाच्या वेळी वाद होतो. आगाऊ रक्कम एका दिवसापुरतीच द्या, उरलेली रोज संध्याकाळी.

गावात तांदळाची दारू पुढे करतात म्हणे. गाईडने घेतली तर? — वाचक, मडगाव

म्नोंग आणि एडे या डोंगरी जमातींत मोठ्या मडक्यात नळ्या घालून ही दारू सगळे मिळून पितात. पाहुण्याने एक घोट घ्यावा किंवा नळीला ओठ लावून हात जोडावेत, कोणी रागावत नाही. रात्री, मुक्कामाला पोचल्यावर गाईडने घेतली तर तो त्याचा प्रश्न. मात्र दुसऱ्या दिवशी निघायची वेळ पुढे ढकला. दुपारी जेवताना घेतली तर त्या दिवशी त्याच्या मागे बसू नका. तिथला कायदा चालकाच्या रक्तात किंवा श्वासात अल्कोहोलचा अंशही खपवून घेत नाही, आणि विम्याचा दावाही याच कारणाने नाकारला जाऊ शकतो. तिथेच मुक्काम करा किंवा गावातून गाडी मागवून पुढे जा, आणि त्या दिवसाचे पैसे त्याला द्या. भांडण न करता दुसरा गाईड मागणं त्यामुळे सोपं जातं. अपघात झालाच तर रुग्णवाहिकेसाठी ११५ आणि पोलिसांसाठी ११३ हे क्रमांक मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवा.